धार उद्या मिळेल

दौंडहून सकाळच्या एसटीत बसले तेव्हा पिशवीत माझी बोथट विळी होती आणि मनात मत्सर. न्हावऱ्याच्या नावाजलेल्या लोहाराकडून तिला धार लावून घेणं हे नुसतं निमित्त. आमच्या दवाखान्यात दर आठवड्याला कोयत्याचे वार झालेली माणसं येत आणि मी टाके घाली. माझ्याबरोबर शिकलेली सुलभा न्हावऱ्याला डॉक्टर. तिच्याकडे मात्र असे रुग्ण येणं जवळजवळ थांबलं होतं. मारामारी हा पटकीसारखाच रोखता येणारा रोग आहे, असं सभांमधून घसा फोडून सांगितलं मी, आणि नाव झालं तिचं. माझा नुसता जळफळाट होत होता. ती काहीतरी लपवते आहे, याची मला खात्री होती.

चौफुल्याला गाडी बदलली. शेजारच्या म्हातारीने भाकरी-कांदा पुढे केला.

"घ्या की बाय. त्वांड का असं झालंय?"

"डोकं दुखतंय," मी म्हटलं. पारगावला भीमा ओलांडली, मग दोन्ही बाजूंना ऊसच ऊस.

न्हावऱ्यात सुलभाने मला थेट त्या लोहाराच्या, चाँदमामांच्या भट्टीवर नेलं. "माझं औषध इथे आहे," ती म्हणाली. श्रेयसुद्धा इतक्या सहज देऊन टाकते, म्हणून मला आणखीच राग आला.

मामांच्या हाती विळी दिली, तेवढ्यात एक गडी तावातावाने आला. बांधावरून भावाशी वाजलंय, हे त्याने कोणी न विचारताच सांगितलं.

"मामा, कोयता द्या माझा."

मामांनी लखलखीत कोयता उचलला, अंगठ्याने धार पाहिली आणि पाठीमागे ठेवला. "पाणी बसलं न्हाई अजून. उद्या सकाळी न्या."

"काल म्हणला व्हता, आज देतो."

"लोखंड हाय. त्याच्यावर जबरदस्ती व्हती का? बसा, च्या घ्या."

तो तसाच उभा राहिला. मी त्याच्या हातांकडे पाहत होते. शेवटी तो बाकावर बसला, चहा संपेपर्यंत भावाला शिव्या देत राहिला आणि रिकाम्या हाताने गेला.

"पाणी देणं म्हणजे तापलेलं पातं कडक व्हावं म्हणून पाण्यात बुडवणं, क्षणाचं काम," सुलभा हळूच म्हणाली. "हे साऱ्या गावाला ठाऊक आहे, त्यालाही. पण कोणी बोलून दाखवत नाही. मी फक्त आसपासच्या लोहारांना हे शिकायला इथे आणून बसवलं."

इतकी साधी गोष्ट, आणि ती तिला दिसली.

परतीच्या गाडीची वेळ झाली तशी मी विळी मागितली. मामांनी माझ्याकडे पाहिलं, सुलभाकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं. विळीची धार माझ्यासमोरच लावून झाली होती.

"ताई, पाणी बसलं न्हाई. उद्या न्या."

सुलभा हसली नाही. तिने मान खाली घातली.

पारगावच्या पुलापर्यंत मी चिडलेली होते, चौफुल्यापर्यंत शरमलेली. त्या म्हातारीला जे दिसलं ते मामांनाही दिसलं होतं. रोग ओळखणारी मी, पण माझी नाडी लोहाराने पाहिली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा न्हावरे गाठलं. मत्सर पुरता गेला होता असं नाही. पण या वेळी दौंडचे दोन लोहार माझ्याबरोबर होते, आणि मामांनी मी मागायच्या आधीच विळी काढून दिली.