उपासाआधीचा मिल्कशेक

दियामांतोच्या हातचा मिल्कशेक मिळणार असेल तर आजारी पडायलाही हरकत नाही, असं आमच्या गावात गमतीनं म्हणत. मग खरोखर आजारी पडला तो तिचाच नवरा मिनास, आणि ही गंमत बंद झाली.

मी तिच्या शेजारची. आम्ही दोघी मूळच्या समुद्रापलीकडच्या एकाच बेटाच्या. ती तिथं जन्मलेली आणि मी इथं, गव्हाच्या कोठारांच्या सावलीत. तिला मी थिया म्हणते, मावशी म्हणावं तसं. बुटकी, रुंद, हाताची बोटं पाकानं कायमची लालसर झालेली. गावातल्या निम्म्या लोकांनी तिला समोरासमोर कधी पाहिलंच नव्हतं, कारण आयुष्यभर ती कॅफेच्या मागच्या दाराआड होती; आजाऱ्यांच्या घरी मिल्कशेकही तिथूनच पाठवायची.

मिनासला मात्र सगळे ओळखत. मुख्य रस्त्यावर त्याचा कॅफे. लांबलचक आरसे, हिरवट दगडाचा काउंटर, आणि काउंटरमागे हा उभा, पांढरा कोट घालून, केसांना तेल चोपडून. शेतावरून आलेल्या प्रत्येक बाईला मान लववून खुर्ची द्यायचा. त्याच्या फळांच्या संडेसाठी लोक धूळ खात लांबून यायचे. उंच काचेचा पेला, तळाला स्ट्रॉबेरीचा पाक, त्यावर पीचच्या फोडी, व्हॅनिलाचे गोळे, केळ्याच्या चकत्या, पॅशनफ्रूटचा गर, वरून भाजलेले शेंगदाणे आणि एक चेरी. पेला समोर ठेवताना तो एक पाऊल मागे सरायचा, टाळ्यांची वाट बघत असल्यासारखा.

त्यातला पाक दियामांतो करायची. पीच उकळत्या पाण्यात टाकून सोलायची तीच, गर काढायची तीच. कुणी विचारलं, "मिनास, हा पाक कसा करतोस रे?" तर तो आपल्या मेलेल्या आईचं नाव घ्यायचा.

त्यानं दियामांतोला फोटोवरून पसंत केलं होतं. ती बोटीतून उतरली तेव्हा धक्क्यावर चार पाहुण्यांसमोर तो म्हणाला, "फोटो काढणारा फार दयाळू माणूस दिसतोय." पाहुणे हसले. तिला वाटलं हे स्वागतच, म्हणून तीही हसली. हे तिनंच मला सांगितलं, बटाटे सोलता सोलता, दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगावी तसं.

तिला तो काउंटरपाशी येऊ द्यायचा नाही. "तिकडेच थांब. तुझं तोंड बघून दूध नासेल," हे त्याचं ठरलेलं वाक्य. एकदा तिच्या नावाच्या संताचा दिवस होता, आमच्यात वाढदिवसासारखाच. तिनं कधी नव्हे ते मागणं केलं, आज मला एक संडे दे. मिनासनं थाटात तो बनवला, गिऱ्हाइकांना बोलावून दाखवला, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आणला. दियामांतोनं हात पुसून पुढे केले. त्यानं पेला वळवून वाढपाचं काम करणाऱ्या पोरीच्या हातात दिला. "हिला शोभेल," म्हणाला. ती पोरगी म्हणजे माझी आई. तिला तो खाववेना आणि परत देण्याची हिंमतही होईना. धरून उभी राहिली, आणि आइस्क्रीम वितळून तिच्या कोपरापर्यंत ओघळलं. मिनासचा मला तेव्हापासून, म्हणजे माझ्या जन्माच्या आधीपासून, राग आहे.

तुम्ही म्हणाल, अशा माणसाकडून बाईला काय हवं असणार? तिला फक्त एक शब्द हवा होता. आमच्यात ईस्टरच्या आधी मोठा उपास असतो. उपास सुरू होण्याच्या आदल्या रविवारी घरातलं दूध, लोणी, चीज सगळं संपवायचं, मग ईस्टरपर्यंत त्याला शिवायचं नाही. आणि त्याच संध्याकाळी घरातल्या प्रत्येकानं प्रत्येकापुढे वाकून म्हणायचं, "मला माफ कर." समोरच्यानं म्हणायचं, "देव करो, आणि मलाही." बाप मुलापुढे वाकतो, सासू सुनेपुढे वाकते. मिनास मात्र सगळ्यांना ओळीत उभं करून हात पुढे धरायचा. दियामांतो वाकली की म्हणायचा, "देव करो." पुढचं 'आणि मलाही' गिळून टाकायचा. एका वर्षी ती तिथंच उभी राहिली, वाट बघत. "काय बघतेस?" तो म्हणाला. "मी काय केलंय?"

तरी दर वर्षी त्या संध्याकाळी ती चांगला झगा घालायची. मला त्या झग्याची चीड यायची.

कॅफे बंद झाला, मुलगा सिडनीला गेला, आणि गेल्या हिवाळ्यात मिनासला झटका आला. उजवी बाजू गेली. बोलणं जवळजवळ गेलं. घशाचंही बिघडलं, पाणी दिलं तर ठसका लागून काळानिळा व्हायचा, भाकरीचा तुकडा घशात अडकायचा. घरी यायची ती नर्स, नोलीन, तिनं सांगितलं, जे काही द्याल ते दाट द्या, चमच्यानं द्या, गुठळी राहता कामा नये. दियामांतोनं डाळ वाटून दिली. त्यानं ती तिच्या तोंडावर थुंकली. ओटची लापशीही थुंकली. आठवडाभरात गालफडं बसली.

मग तिनं त्याचाच संडे मिल्कशेकमध्ये बसवला. कॅफेतलं मिल्कशेक घुसळायचं हिरवं यंत्र आणि ॲल्युमिनियमचे पेले तिनं घरी आणून ठेवले होतेच. मी किती वेळा बघत बसले असेन. पेला आधी बर्फाच्या कप्प्यात ठेवायचा, हाताला चिकटेल इतका गार. काळे ठिपके पडलेलं केळं चकत्या करून गोठवायचं. पीच सोलून, शिजवून, चाळणीतून घासायचा. पॅशनफ्रूटचा गरही चाळणीतून, कारण एक बी राहिली तरी त्याच्या घशाशी गाठ. शेंगदाणे चालणार नाहीत, तर तिनं ते भाजून दुधात भिजत घातले, दूध गाळून घेतलं, नुसता वास ठेवला. अगदी थोडं दूध, भरपूर आइस्क्रीम, एक चमचा मॉल्टची पूड. यंत्र घरघरायचं, आवाज जड झाला की ती बंद करायची. काचेच्या पेल्याला आतून स्ट्रॉबेरीच्या पाकाच्या रेघा ओढून मग त्यात ओतायचं. चमचा उभा राहिला पाहिजे.

"त्याला काय करायच्यात रेघा?" मी एकदा चिडून म्हटलं.

"बघतो ना तो."

"आणि ज्यानं तुला आयुष्यात एक पेला दिला नाही त्याच्यासाठी एवढं?"

"मग काय, उपाशी मारू? गाव काय म्हणेल?"

मिनास सगळं चाटून पुसून घ्यायचा. वजन वाढलं. गालांवर गुलाबी रंग आला. आभाराचा एक हुंकारही नाही. मिल्कशेक कमी दाट झाला तर डाव्या हातानं पेला उडवून द्यायचा, आणि ती गुडघ्यांवर बसून फरशी पुसायची.

असंच एकदा त्यानं पेला उडवला तो नोलीनच्या कपड्यांवर. आणि त्याच्या तोंडून स्वच्छ इंग्रजीत शब्द आला, "माफ कर." वर वाकड्या तोंडानं ते जुनं काउंटरवरचं हसू.

"अगं बाई, किती गोड!" नोलीन म्हणाली.

दियामांतो ओलं फडकं हातात घेऊन उभीच राहिली. नोलीन गेल्यावर मला म्हणाली, "येतो त्याला. तो शब्द येतो त्याला."

उपासाआधीच्या रविवारी संध्याकाळी मी चीज भरलेली पेस्ट्री घेऊन गेले. मी तिच्यापुढे वाकले, ती माझ्यापुढे वाकली, बोलायचं ते बोललो. तिनं चांगला झगा घातला होता. मिनास खुर्चीत, गळ्याला फडकं बांधलेलं. तिनं मिल्कशेक केला, कधी नव्हे इतका देखणा. पीचचा पिवळा, पाकाच्या लाल रेघा, वर चेरीसुद्धा, जी त्याला गिळता येणार नव्हती. पेला त्याच्यासमोर ठेवला. त्यानं डावा हात पुढे केला. तिनं पेला मागे ओढला.

"आज कुठला दिवस आहे, माहीत आहे ना?" ती म्हणाली. "मी दर वर्षी वाकले. आज तू म्हण. मग घे."

मिनास पेल्याकडे बघत होता.

"नाही म्हणालास तर उद्यापासून डाळीचं पाणी. ईस्टरपर्यंत."

"थिया, काय हे? आजारी माणसाला उपास नसतो. पाद्रींनीच सांगितलंय ना?"

"पाद्रींनीच लग्न लावलं होतं माझं. त्यांचं एकदा ऐकलं, तेवढं पुरे."

तिनं पेला आणखी वीतभर मागे घेतला. इथला उन्हाळा संपत आला होता तरी खोली तापलेली. पेल्याला घाम फुटला, फेस बसायला लागला. मिनासच्या तोंडातून लाळ गळून फडक्यावर आली. तो आधी गुरगुरला, मग डोळे मिटून घेतले, मग उघडले. एवढासा झालेला तो मोठा माणूस बघून मला कीव यायला हवी होती. आली नाही. मी मनात म्हणत होते, म्हण रे मेल्या, एकदाच म्हण.

"माफ कर," तो म्हणाला. आमच्या भाषेत. त्याची नजर पेल्यावरच होती.

दियामांतोचे ओठ हलले, पण शब्द फुटला नाही. ती स्टुलावर बसली आणि त्याला चमच्याचमच्यानं सगळा मिल्कशेक पाजला. चेरी तिनं काढून बशीत ठेवली. त्याचं तोंड पुसलं. मला दारापर्यंत पोचवायला आली तेव्हा तिनं माझं मनगट घट्ट धरलं.

"म्हणाला गं. ऐकलंस ना तू? ऐकलंस ना?"

"ऐकलं, थिया."

"माझं उत्तर राहिलं. तोंडच उघडलं नाही मेलं. उद्या देते. सकाळी पहिलं काम."

तिचं तोंड नव्या नवरीसारखं झालं होतं. त्या वयात ते बघवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उपासाचा पहिला दिवस, म्हणून मी सपाट भाकरी आणि तिळाचा हलवा घेऊन गेले. फाटकातच आवाज आला. मिनास डाव्या तळव्यानं खुर्चीची फळी बडवत होता. "माफ कर! माफ कर! माफ कर!" आणि नजर हिरव्या यंत्रावर.

दियामांतो सिंकमधल्या पाण्यात हात बुडवून पाठमोरी उभी होती.

"डोळे उघडल्यापासून चाललंय," ती म्हणाली.

कुत्र्याला पंजा द्यायला शिकवतात, मग तो ज्याच्या हातात बिस्किट दिसेल त्याला पंजा देत सुटतो, तसं झालं होतं. शब्द टाकला की पेला येतो, एवढं त्याला कळलं होतं. त्यापलीकडे त्या शब्दात काही असतं हे त्याला धडधाकट असतानाही कळलं नव्हतं, मग आता कुठून कळणार?

"बास!" ती वळून ओरडली. तिचा चढा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. "नको मागूस! ऐकतोस का? मला नको तुझी माफी!"

तो दचकला. आपलं काही चुकतंय असं त्याला वाटलं असावं. त्यानं आवाज मऊ केला, मान लववली, ते गिऱ्हाइकांसाठीचं हसू ओठांवर आणलं, आणि लाडीगोडीनं म्हणाला, "माफ कर."

बाळंतपणातसुद्धा जिनं उपास मोडला नव्हता त्या बाईनं उपासाच्या पहिल्याच दिवशी दुधाची बाटली उघडली. यंत्र लावलं. रेघा नाहीत, चेरी नाही. त्याच्या तोंडात चमचे कोंबत राहिली. "पी. पी आणि गप्प बस."

तो झोपल्यावर मी हळूच विचारलं, "थिया, तुझं उत्तर?"

"कुणाला देऊ?" ती म्हणाली. "यंत्राला?"

पुढे सगळा उपासकाळ तो हेच म्हणत राहिला. नोलीनला म्हणाला, पोस्टमनला म्हणाला, मला म्हणाला. पाद्री आले तर त्यांचा झगा धरून म्हणाला. पाद्रींचे डोळे भरून आले. त्यांनी देवळात सगळ्यांना सांगितलं, पश्चात्ताप बघायचा असेल तर मिनासच्या घरी जा. आणि लोक गेले! ज्यांच्यासमोर त्यानं बायकोचा पाणउतारा केला होता तेच लोक रुमाल घेऊन त्याची माफी ऐकायला बसायचे. दियामांतो त्यांना काळी कॉफी करून द्यायची. तेवढा वेळ मिल्कशेक लांबायचा, म्हणून तो आणखी कळवळून म्हणायचा.

ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात तो गेला. पाद्री उशाशी होते, दियामांतो आत केळं सोलत होती. शेवटचा शब्द अर्थातच तोच होता.

दफन झाल्यावर देवळाशेजारच्या सभागृहात सगळे जमले. उपासाची काळी कॉफी, टोस्ट, लहान पेल्यांत ब्रँडी. दियामांतो काळ्या कपड्यांत, आणि तिथंही किटली तिच्याच हातात. बायकांनी तिला घेरलं.

"भाग्यवान आहेस गं. मरताना ओठांवर बायकोची माफी."

"माझा मेला तर घोरत गेला."

"कितीही बोलला असेल आयुष्यात, शेवटी धुऊन काढलं ना सगळं? आता तूही मनातून काढून टाक."

मग एक म्हातारी, तिच्या लग्नाला आलेली, धक्क्यावर हसलेल्या पाहुण्यांपैकी, तिचा हात धरून म्हणाली, "माफ केलंस ना गं त्याला? एवढं मागत होता बिचारा."

सगळ्या तिच्याकडे बघायला लागल्या. दियामांतोनं म्हातारीच्या कपात कॉफी भरली, काठोकाठ, एक थेंब न सांडता.

"त्याला मिल्कशेक हवा होता," ती म्हणाली.

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. दुःखानं डोकं फिरलंय, असं कुणीतरी कुजबुजलं. एकीनं तिच्या हातातली किटली काढून घेतली आणि तिला भिंतीशी एका खुर्चीवर नेऊन बसवलं.