रंभाबाईंनी सांगितलेली चित्रं

शहापूरच्या मनालीला माणसाचा चेहरा काही केल्या काढता येत नाही. नाक जमलं तर डोळे वाकडे होतात. पण काळं जेलपेन घेऊन फोटोच्या कडेनं ती जे गिरगटते, ते बघताना माणूस हटत नाही. छत्री घेतलेला बेडूक, रुसलेली किटली, पाय फुटून बांधावरून पळणारी धानाची पेंढी.

ती खासगी शाळेत हस्तकला शिकवायची. शाळा बंद पडली तेव्हा तिनं मैत्रिणीच्या साखरपुड्यासाठी स्क्रॅपबुक केलं. जाड कार्डशीटवर फोटो चिकटवले आणि उरलेल्या जागेत डूडल काढली. ती वही पाहुण्यांत हातोहात फिरली. मग वाढदिवसाची कार्डं, राख्यांची पाकिटं, अशी कामं आपसूक येऊ लागली. तिची आई मंगलाबाई शेजारणींना सांगायची, "किडेमकोडे काढते आन् लोक घेऊन जाते. मले तं समजतच नाही."

साखरपुड्याला सिहोऱ्याहून आलेल्या रंभाबाई काही महिन्यांनी फोटोंची पिशवी घेऊन मनालीच्या ओसरीवर येऊन बसल्या. नवऱ्याला साठ वर्षं पूर्ण होणार होती. गोपीचंद त्यांचं नाव. घरी धानाची शेती आणि रस्त्याला लागून किराण्याचं दुकान.

"आमच्या यायले काही सांगू नको," रंभाबाई म्हणाल्या. "थे फोटोत लय गंभीर दिसते. तू आजूबाजूले असं काढ, का हसू आलं पायजे."

आणि त्या सांगत बसल्या. बोडीत, म्हणजे गावच्या लहान तळ्यात, मासे धरायला गेले आणि स्वतःच पडले. सासरी पहिल्यांदा आले ते उलटसुलट चपला घालून. पालीला एवढे भितात की ती दिसली की बाजेवर चढतात आणि वर बल्ब बघायला चढलो म्हणतात. सांगताना रंभाबाईंना हसू आवरत नव्हतं. मनालीनं मन लावून सगळं काढलं. बोडीतले मासे पोट धरून हसत होते, आणि बाजेखालची पाल मान वर करून विचारत होती, "बल्ब लागला का जी?"

काम संपल्यावर तिनं रंभाबाईंना फोन लावला. बंद. दुसऱ्या दिवशीही बंद. धानाच्या रोवणीचे दिवस आहेत, फोन चार्ज करायला कुणाला सवड, असं म्हणून ती स्कूटीवर स्वतःच सिहोऱ्याला निघाली.

दुकान लगेच सापडलं. गल्ल्यामागं डोक्याचं नुकतंच मुंडण झालेला फोटोंतला तोच माणूस बसला होता. त्याच्या मागच्या फळीवर, बिस्किटांच्या पुड्यांशेजारी, रंभाबाईंचा फोटो. फोटोला हार. खाली उदबत्ती.

मनाली पायरीवरच थांबली. त्या जिथं बसल्या होत्या ती ओसरी, त्यांचं ते हसणं, सगळं अजून ताजं होतं. आणि पिशवीत हसणारे मासे.

"काय पायजे बाई?" गोपीचंदनी विचारलं.

"साबण," ती म्हणाली. दुसरं काही सुचलंच नाही.

त्यांनी साबण पुढं केला. तो ठेवायला तिनं पिशवी उघडली तर वहीच बाहेर आली. कव्हरवर तांदळाच्या पोत्यावर घोरणारा एक बोका, आणि त्याखाली वळणदार अक्षरात 'गोपीचंदजींची साठी'.

त्यांनी वही वळवून आपलं नाव वाचलं.

"हे कोणं करायले सांगतलं?"

मनालीनं फोटोकडे बोट केलं. मग म्हणाली, "मले माहीत नव्हतं जी. मी फोन लावत होती."

"सकाळी चुलीपाशी बसली होती," गोपीचंद म्हणाले. "तशीच कलंडली. दवाखान्यात नेऊन पाहतो तं जीवच नाही."

त्यांनी वही उघडली. थांबा म्हणावं असं मनालीला वाटलं, पण त्यांनी पान उलटलं होतं. बोडी. चपला. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. पालीच्या पानावर मात्र ते थबकले.

"पालीचं मी कोणालेच सांगतलं नाही," ते म्हणाले. "तिले ठाऊक होतं?"

"पहिल्या वर्षापासून, म्हणत होत्या."

"आन् बोलली नाही कधी."

ते उठले, शटर अर्धं ओढलं आणि परत येऊन बसले. "आणखी काय सांगत होती?"

एक गोष्ट होती. 'हे नको काढू, त्यायले लाज वाटन,' असं रंभाबाईंनी बजावलं होतं. मनाली घुटमळली. पण समोरचा माणूस असा बघत होता, की गप्प राहणं तिला जमलं नाही.

"तुम्ही दिवसा त्यांचं नाव कधी घेत नाही. पण झोपेत रंभा, रंभा म्हणून हाका मारता. त्या जाग्या राहून ऐकत."

गोपीचंदनी गल्ल्याची कड घट्ट धरली. डोळ्यांत पाणी नव्हतं. कुणीतरी पाठीमागून धक्का द्यावा तसे ते बसल्या जागी हलले. मग त्यांनी वहीचं शेवटचं कोरं पान तिच्यापुढं सरकवलं.

"हे काढ."

"मले माणूस काढता येत नाही, काकाजी."

"बोका काढ मंग."

तिनं गल्ल्यावरच वही ठेवून झोपलेला बोका काढला. घोरण्याच्या बुडबुड्यांत एकेक र लिहिला, पानाच्या टोकापर्यंत. रेघा वेड्यावाकड्या आल्या. गोपीचंदनी त्या वाळेपर्यंत पानावर हात येऊ दिला नाही.

परतताना डोळे पुसायला तिला बांधाशी स्कूटी थांबवावी लागली. पुढं बरेच दिवस तिनं नुसती पानंफुलं काढली. हसवणारं काही काढायला हातच धजेना.

दिवाळीच्या सुमारास साखरपुड्याची ती मैत्रीण सिहोऱ्याला जाऊन आली आणि म्हणाली, ती वही काकाजींनी दुकानातच ठेवली आहे. येईल त्या गिऱ्हाइकाला पालीचं पान ते स्वतः उघडून दाखवतात.

मनालीला खरंच वाटेना. "स्वतः?" तिनं पुन्हा विचारलं. "आन् हसते का वं थे?"

"हसत नाही," मैत्रीण म्हणाली. "पण लोक हसले का थे त्यायच्याकडं पाहत बसते."