घाम म्हणे बाहेर जातो

भेस्तानच्या ज्या कारखान्यात मी कापडावर कोटिंग करायचो, तिथे आधी छत्र्या-रेनकोटांचंच कापड व्हायचं. नायलॉनवर लेप चढवायचा, भट्टीतून सुकवून काढायचा. पाणी आत शिरत नसे, पण घालणारा माणूस आतल्या आत शिजायचा. मग शेठनी नवा लेप आणला. पाणी अडवणार, पण घामाची वाफ बाहेर सोडणार! "हे कापड श्वास घेतं," असं ते येईल त्याला सांगत. आमच्या खात्यात त्या उकाड्यात आम्हालाच श्वास घेता येत नव्हता, ते सोडा.

डोंगर चढणाऱ्यांचं सामान विकणारे एक व्यापारी दिल्लीहून माल बघायला आले. शेठनी कौतुकाने त्याच कापडाचं एक जाकीट शिवून ठेवलं होतं. ते घालायला निवडलं मला. भर एप्रिलात गळ्यापर्यंत चेन ओढून मी अंगणात उभा राहिलो आणि शेठनी स्वतःच्या हाताने माझ्यावर पाण्याचा पाइप धरला. म्हशीलासुद्धा कोणी इतक्या प्रेमाने धूत नसेल.

थोड्या वेळात पाठीवरून गार धार उतरली. व्यापाऱ्यांनी कॉलरमधून हात घातला आणि ओला हात शेठना दाखवला.

"पसीनो छे!" शेठ म्हणाले. "जोयुं? बघितलंत? कापड घाम बाहेर काढतंय!"

"पसीना इतना ठंडा?" व्यापाऱ्यांनी थेट मलाच विचारलं.

शेठ डोळे वटारत होते. पण धार आता कमरेखाली पोचली होती आणि माझी निष्ठा तिच्याबरोबर वाहून गेली. "साहेब, शिलाईतून गळतंय," मी म्हणालो.

जाकीट उलटं केलं, तर शिवणीच्या भोकाभोकांवर थेंब. बाकी कापड कोरडं ठणठणीत. मग व्यापाऱ्यांनी उकळत्या चहाच्या पेल्यावर कापडाचा तुकडा ताणला, त्यावर स्टीलचा ग्लास पालथा घातला. उचलला तेव्हा ग्लास आतून ओला झाला होता. वाफ खरंच आरपार गेली होती. त्यांनी कापड घेतलं. "शिवून आम्ही घेऊ, शिवणीवर आतून पट्टी लावावी लागते," म्हणाले. शेठनी लगेच तो चहा त्यांनाच पाजला.

मला बक्षीस ते गळकं जाकीट. घरी घालून गेलो, तर बायको दारातच थबकली.

"उनमा हाई काय घालेल शे? येडा व्हयना का?"

"हे श्वास घेतं," मी सांगितलं.

"मंग त्येले बाहेर टांग," ती म्हणाली, "आन तू आंघोय कर."