जावयाच्या कोटावरचे पतंग

आमच्या शोभाच्या साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, मुलाकडची माणसं बोलावली तेवढीच आली. पतंग मात्र आगंतुक होते, आणि ते सगळेच्या सगळे नर होते.

शोभा माझी धाकटी नणंद. तिचं लग्न जमता जमता बरीच वर्षं गेली होती आणि आता हे स्थळ हातचं गेलं तर सासूबाई अंथरूण धरतील, अशी घरात हवा होती. त्यामुळे तयारी माझ्याकडे आली. माझ्याकडे दिलेलं काम चुकत नाही, असं सासरी सगळे मानत असत. (मानत असत. काळ लक्षात घ्यावा.)

जावयाचा सूट आम्ही नागपुरातच शिवून घेतला. चांगलं लोकरीचं कापड. लोकर आली की कसर आली, म्हणून डांबरगोळ्या आणायचं मी यादीत लिहून ठेवलं होतं. त्याच संध्याकाळी हे ऑफिसातून एक पुडकं घेऊन आले आणि आमच्या नव्या फ्रिजमध्ये, दुधाच्या पातेल्याला अगदी टेकवून ठेवलं.

"हे काय आणलंत?"

"ऑफिसचा फ्रिज बंद पडलाय. हे थंडच ठेवावं लागतं."

"पण आहे काय ते?"

ह्यांनी आधी सासूबाईंकडे पाहिलं, मग शोभाकडे पाहिलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "किडीसाठी आहे," असं म्हणून त्यांनी पेपरात डोकं घातलं.

हे शेती संशोधनाच्या एका कार्यालयात, कीड विभागात होते. किडीसाठी म्हणजे किडीला मारण्यासाठी, एवढं समजायला कोणाला विचारावं लागत नाही. पण घरच्या दुधाशेजारी विष? दुसऱ्या दिवशी हे दौऱ्यावर गेले आणि मी पुडकं उघडलं. आत इंजेक्शनच्या बाटलीला असतात तशी लाल रबरी बुचं, प्रत्येक वेगळ्या पाकिटात बंद. नाकाला लावून पाहिलं. वास शून्य. पाकिटात कोंडलं तर कसर पळणार कशी, म्हणून मी सगळी पाकिटं फोडली. बुचं कोटाच्या घडीत, बाह्यांत, खिशांत, पँटच्या दुमडीत नीट वाटून ठेवली आणि ट्रंकेला कुलूप लावलं. डांबरगोळ्यांचा खर्च वाचला. मला फार बरं वाटलं.

हे परत आल्यावर म्हणाले, "पुडकं?"

"नीट जागेवर आहे."

"बरं."

आमचा संसार असा मोजक्या शब्दांत चालतो. तोटे आहेत त्याचे.

साक्षगंध सावनेरजवळ, सासऱ्यांच्या शेतातल्या घरी होतं. मंडप खळ्यात आणि खळ्याला लागून फुलकोबीचं वावर. मुलाकडची मॅटॅडोर वाटेत पंक्चर झाली, त्यामुळे दुपारचं कार्य दिवेलागणीला सरकलं. मी सुटातली बुचं काढून घेतली, सूट झटकला आणि नवरदेवाच्या हाती दिला. दिलीपराव तो घालून पाटावर बसले. उंच, देखणे, घाबरलेले. सूट मापात होता. मी मनातल्या यादीतल्या त्या ओळीवर काट मारली.

पहिला पतंग त्यांच्या खांद्यावर बसला. तपकिरी, चांगला अंगठ्याएवढा. मी पुढे होऊन टिचकी मारली. तेवढ्यात दुसऱ्या खांद्यावर दोन.

"ट्यूबलाइटला येतात," मी हसून सांगितलं.

ट्यूबलाइटवर एकही नव्हता. वावराकडून पतंग येत होते, दिव्याला वळसा घालत होते आणि सरळ जावयाच्या छातीवर उतरत होते. एक टायवर बसला. एक कॉलरमधून आत गेला, तेव्हा दिलीपराव पाटावरच्या पाटावर वीतभर उडाले. दोन बाहीत शिरले. गुरुजी मंत्र म्हणत म्हणत मागे सरकले ते पार खांबाला टेकले. शेजारी बसलेल्या शोभाच्या साडीवर म्हणाल तर एक नाही.

"काहून वं बाई," दिलीपरावांच्या आईंनी मला विचारलं, "सारे किडे माह्याच पोरावर काहून येऊन राहिले?"

"नवरदेव गोड असन," मागून कोणीतरी म्हणालं.

"तू चूप बस गा. ह्या घरातच काहीतरी आहे."

दिलीपरावांनी घाम पुसायला रुमाल शोधला, कोटाच्या आतल्या खिशात हात घातला आणि हाताला लागलं ते बाहेर काढलं. लाल रबरी बूच. (आतला खिसा! भरताना आठवला, काढताना विसरला!)

हे ताडकन उभे राहिले. "हे इथं कसं आलं?"

"तुम्हीच म्हणालात ना, किडीसाठी आहे."

"किडीला बोलवायसाठी आहे ते! घालवायसाठी नाही."

"बोलवायसाठी?" दिलीपरावांचे वडील पुढे झाले. "किडे कोण बोलावते गा?"

जो शब्द ह्यांनी घरात आईसमोर आणि बहिणीसमोर तोंडातून काढला नव्हता, तो आता दोन्हीकडच्या वऱ्हाडासमोर काढणं आलं. ह्यांनी जमिनीकडे पाहून सांगितलं, "कामगंध म्हणतात त्याला. मादी पतंगाचा वास असतो, पण कारखान्यात बनवलेला. नर त्या वासावर येतो आणि सापळ्यात अडकतो. मग मादीला जोडीदार मिळत नाही, अळ्या होत नाहीत, पीक वाचतं."

सासूबाईंनी पदर तोंडावर ओढला.

"म्हंजे," दिलीपरावांच्या आई एकेक शब्द तोलून म्हणाल्या, "माह्या पोराच्या खिशात तुम्ही मादीचा वास भरला?"

ह्याला काय उत्तर द्यायचं, हे माझ्या कुठल्याच यादीत नव्हतं. खरं उत्तर 'हो' होतं.

"ऊठ गा दिलीप. गाडी काढा. हे घर आपल्यासाठी नोहे."

सासूबाई अंथरूण मागू लागल्या. दिलीपराव अर्धे उठले होते, तेवढ्यात शोभा उभी राहिली.

"कोट काढा," ती त्यांना म्हणाली. तोवर दोघं एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते.

"मी?"

"मंग काय मी घातला आहे?"

त्यांनी मुकाट्याने कोट काढला. शोभाने तो दोन बोटांनी कॉलरला धरला, नेसत्या शालूनिशी वावरात गेली आणि कोबीतल्या बुजगावण्याला घालून आली. पतंगांची अख्खी वरात तिच्यामागून गेली आणि बुजगावण्याभोवती फिरू लागली. दिलीपरावांचे वडील बॅटरी घेऊन मागोमाग गेले ते बराच वेळ तिथेच उभे.

"अवं, पाय तरी इकडं," त्यांनी बायकोला हाक मारली. "सारे त्या कोटावर गेले. आपल्या कोबीवर मी इतकं फवारून राहिलो, त्यानं काही होऊन नाही राहिलं. साहेब, असे बुचं अजून आहेत काय?"

"आहेत, पण हवा लागून त्यांचा जोर गेला असेल," हे म्हणाले.

"जोर गेला? नवरदेव उठवला त्यायनं! मले द्या."

"अन् साक्षगंध?" दिलीपरावांच्या आईंनी विचारलं.

"ते तर करावंच लागन. पहिल्या बोलण्यात पोराचा कोट उतरवला तिनं. मले तीस वर्षांत तुह्यापुढं एवढं जमलं नाही."

आईंनी शोभाकडे पाहिलं, मग शर्टावर कुडकुडणाऱ्या मुलाकडे पाहिलं. "त्याले थंडी वाजून राहिली," त्या मला म्हणाल्या, "काही घालाले तरी द्या."

मी ह्यांच्या अंगातला स्वेटर उतरवून दिला. दिलीपरावांनी तो स्वेटर घालूनच शोभाच्या बोटात अंगठी घातली.

लग्न थाटात झालं. त्या घरच्या प्रत्येक कार्याला मला अगत्याचं बोलावणं असतं. विहीणबाई स्वतः हात धरून मला बसवतात. खुर्ची चांगली असते, गादीची. फक्त ती मंडपाबाहेर असते, वावराकडे तोंड करून.