गादीला औषध मारायचं नाही

शुक्रवार, १४ ऑगस्ट १९९८. सकाळी आठच्या एसटीने मी आणि माझी पत्नी सुमन दिंडोरीहून नाशिकला आलो. पाऊस होता. दवाखान्यात अकराला नंबर लागला. डॉ. विनायकराव दातीर यांची आमची ती पहिली भेट.

सुमनला दमा होता. डॉक्टरांनी तपासले, तोंडाने ओढायचा पंप दिला आणि सांगितले, "गादी-गोधडीत माइट असतात, डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांचा बंदोबस्त करा. ऊन द्या."

मी द्राक्षबागायतदार, शेतीची पदविका घेतलेला. माइट म्हणजे मला वेलीवरची कीड, लाल कोळी, तेवढी ठाऊक. ऊन आठवडाभर नव्हते. शेडमध्ये कोळ्याचे औषध उरले होते. रविवारी ते मी गाद्या-उशांवर हातपंपाने मारले. सुमन हसली. "अहो, आता गादीला घड लागायचे बघा!"

सोमवारी सकाळी तिला श्वास घेता येईना. जीपने नाशिकला आणले. दुपारी ती गेली.

"घरात काही केलंत का?" डॉक्टरांनी विचारले.

"फवारलं, साहेब. लाल कोळ्याचं."

"गादीवर?"

"तुम्हीच माइट म्हणालात."

बाहेर पेशंट खोळंबले होते. डॉक्टर माझ्याशेजारी बाकावर बसले. "चूक माझी, भास्करराव. बागवाल्या माणसाला मी शब्द सांगितला, अर्थ नाही सांगितला." फवारणीनेच झाले असे ठाम म्हणता येत नाही, असेही ते म्हणाले. मला म्हणता येते.

त्यानंतर डॉक्टरांनी तो शब्द टाकला. दम्याचा पेशंट आला की आधी विचारीत, "बाग आहे?" असली तर "गादीला औषध मारायचं नाही" हे त्याच्याकडून तीनदा वदवून घेत. रविवारी स्वखर्चाने दिंडोरीच्या खेड्यांत येत. एका घरी म्हातारी उसळली, "आमच्यात ढेकूण नाय हां, डॉक्टर!"

"नसू द्या, मावशी. पाणी कढवा."

मग स्वतः बाह्या सारून त्यांनी गोधडी कढत पाण्यात बुडवली. "दर आठवड्याला असंच. जमीन झाडायची नाही, ओल्या फडक्यानं पुसायची. अंगाचा कोंडा हेच त्या किड्यांचं खाणं. अंघोळ करून झोपा." म्हातारी म्हणाली, "सून नाय ऐकत माझं, तिला सांगा." डॉक्टरांनी सुनेला बोलावून पुन्हा सगळे सांगितले.

आमची मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती. आई दम्याने गेली, एवढेच तिला आजवर माहीत. मोठी झाल्यावर तिने डॉक्टरांना नेमके काय झाले ते विचारले होते. "वडिलांना विचार," इतकेच ते म्हणाले. तिने मला विचारले नाही. मीही सांगितले नाही.

डॉक्टरांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. गौरवग्रंथासाठी चार शब्द मागितले तेव्हा याशिवाय दुसरे काही मला लिहिता येईना. ग्रंथ आमच्या घरीही येईल. मुलगी वाचील.

डॉक्टरांचे हातपाय चालते राहोत, श्वास शेवटपर्यंत मोकळा राहो. अनेकांना तो त्यांच्यामुळे मिळाला आहे.

मुलगी कॉलेजला गेली आहे. कागदाची घडी घालून, पत्ता लिहून, मी पोस्टात टाकायला निघतो.