पालथा गुण्या

धंद्यानं तो सुतार, पण गल्लीत त्याला सगळे काटकोन म्हणत. कोणाचं टेबल डुगडुगलं की हा आधी जमिनीला नावं ठेवी. दार घासायला लागलं की भिंतीला. लाकडावर काटकोन आखायचा त्याचा गुण्या वडिलांच्या हातचा होता, आणि वडिलांचा गुण्या चुकणं म्हणजे सूर्यानं रजा टाकणं.

घरातली कपाटं आपोआप उघडत.

"लाकूड आहे, श्वास घेतं," तो म्हणे.

"मग माझ्या कपाटाला दमा झालाय," असं म्हणून बायको दाराच्या फटीत कागदाची घडी कोंबे.

धाकटा भाऊ त्याच्याच दुकानात काम करायचा. तो एकदा म्हणाला, "दादा, गुण्या पालथा घालून आखून तर बघ."

"बाबांवर शंका घेतोस?"

एवढ्या बोलण्यावर धाकट्यानं बाजारापलीकडे वेगळं दुकान थाटलं. बोलणं बंद, येणंजाणं बंद.

पुढे शिंपीणबाईंनी नवी खोली बांधली. दोघा भावांपैकी कोणी दुखावलं जाऊ नये म्हणून चौकट धाकट्याकडून करून घेतली आणि दार थोरल्याकडून. काटकोननं दार बसवलं. एका कोपऱ्यात ते टेकलं, दुसऱ्या कोपऱ्यात पेन्सिल जाईल एवढी फट राहिली.

"चौकट वाकडी आहे."

"तुम्ही हेच म्हणाल, असं तो म्हणालाच होता," शिंपीणबाई म्हणाल्या.

हे झोंबलं. धाकट्याला एकदाचं खोटं पाडायचं म्हणून काटकोननं तिथेच फळी घेतली, तिच्या सरळ कडेला गुण्या लावून रेष ओढली. मग गुण्या पालथा घालून त्याच ठिकाणाहून पुन्हा ओढली. खऱ्या गुण्याची रेष रेषेवरच पडते. या दोन खालून एकत्र निघाल्या आणि किंचित उघडलेल्या कात्रीसारख्या फाकल्या.

त्यानं पेन्सिलीला टोक केलं. पुन्हा तेच. शिंपीणबाई सुईत दोरा ओवत होत्या, निदान तसं दाखवत तरी होत्या.

बराच वेळ तो फळीकडे बघत बसला. गुण्या तोच, एकदा जेवढा इकडे कलला, तेवढाच पालथा घातल्यावर तिकडे. म्हणजे दोन्ही रेषा खोट्या, पण खरी त्यांच्या बरोबर मधून जाणार. त्यानं ती काढली. टोपणनावाला शोभेल असा हा त्याचा पहिला काटकोन. त्यावरून दार नव्यानं आखलं, रंधा मारला. दार चौकटीत गपकन बसलं.

संध्याकाळी तो धाकट्याच्या दुकानात गेला आणि गुण्या पुढे केला.

"चुकीचा आहे."

धाकट्यानं पातं न्याहाळलं. "कानशीनं घास. होईल सरळ."

"तूच घास. बाबांच्या वस्तूवर माझ्यानं कानस चालणार नाही."

"माझ्यानं तरी कुठे चालणार होती, दादा? म्हणून तर निघून आलो."

शेवटी एकानं धरला, दुसऱ्यानं घासला. कोणी धरला आणि कोणी घासला, ते दोघंही सांगत नाहीत.