शेवटचं औषध कधी मारलं?

मंडळी, आज सांगलीच्या बाजारात एका गिऱ्हाइकानं मला खरं बोलायला लावलं.

आमची शेती आष्ट्याजवळ. मी वांगी आणि घेवडा घेऊन बाजारात बसते. जो तो विचारतो, "औषध मारलंय का?" मी म्हणते, "न्हाई ओ." हो म्हटलं की गिऱ्हाईक पुढं जातं, आणि औषध न मारता किडकी वांगी आणली तर कुणी हात लावत नाही. मग खरं बोलायचं तरी कसं?

आज कडेवर बाळ घेतलेली एक बाई आली. म्हणाली, "ताई, औषध मारावंच लागतं, माझे वडीलही मारतात. शेवटचं कधी मारलं तेवढं सांगा. बाळाला आता भाजी सुरू केलीय."

मला खोटं सुचलंच नाही. "वांग्यावर मारून पंधरा दिस झालं, खुशाल घ्या. घेवडा परवाच फवारलाय. नका घेऊ."

ती वांगी घेऊन गेली. मागोमाग एक आजोबा घेवडा मागायला आले, तर माझा हात तराजूकडं जाईना. पोतं बांधलं आणि परत आणलं.

घरी सासूबाई म्हणाल्या, "दे, त्याचं कालवण करते."

मी पटकन म्हणाले, "नको आत्या, परवाच फवारलाय."

"मग बाजारात कशाला नेला व्हतास गं?"

मंडळी, तुम्ही उद्यापासून 'मारलंय का' विचारू नका. 'कधी मारलं' विचारा, आणि आम्ही खरं सांगितलं तर लगेच उठून जाऊ नका. एवढं कराल का?